नजरबंदी : धर्म की अधर्म?



लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक, तोफ, रणगाडा उभा राहतो. परंतु आपल्यापैकी कित्येकांची मुले, मुली आणि आता नातवंडेही सैन्यात अशी कामे करतात की त्यांच्या हातून एक गोळीदेखील सुटत नाही. ती पडद्यापुढे बसतात, कानाला यंत्र लावतात, आणि शत्रूच्या रडारला काय दिसावे व काय दिसू नये हे ठरवतात. सुट्टीला घरी आली म्हणजे ती याविषयी बोलत नाहीत, आपणही विचारीत नाही. आणि न विचारणेच योग्य. पण त्यातला एक प्रश्न असा आहे की ज्यात लष्करी गुपित काही नाही आणि जो जेवणाच्या टेबलावर सर्वांनी मिळून सोडवण्यासारखा आहे. जो कोणाला मारीत नाही, केवळ शत्रूची नजर बांधतो, त्याचे हात स्वच्छ म्हणावेत काय? आणि नजर बांधणे हे फसवणेच असेल, तर मुलांना लहानपणापासून खरे बोलायला आपण जे शिकवले, त्याचे काय करायचे?

उदाहरण सोडवण्यापूर्वी ते दोनदा वाचावे, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो. म्हणून आधी ही नजरबंदी कशी चालते ते पाहू.

डोंगरापुढे उभे राहून हाक मारली की थोड्या वेळाने प्रतिध्वनी येतो. किती वेळाने आला यावरून डोंगर किती लांब हे काढता येते. रडार हेच करते. फक्त हाकेऐवजी ते रेडिओलहरींचा एक लहानसा ठोका सोडते. ही लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. तेव्हा १५० किलोमीटरवरच्या विमानावर आपटून परत यायला तिला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. सेकंदाला हजार ठोके सोडणाऱ्या रडारला म्हणूनच १५० किलोमीटरपर्यंतचा हिशेब बिनचूक करता येतो. त्यापलीकडचा प्रतिध्वनी पुढच्या ठोक्यात मिसळतो.

आता विमानात बसलेल्याची बाजू घ्या. त्याच्या यंत्राला हे ठोके ऐकू येतात. पण एकाच रडारचे ठोके येते तर काम सोपे होते. प्रत्यक्षात दहा ठिकाणची रडारे एकदम बोलत असतात. एका मंडपात दहा तबलजी दहा वेगवेगळे ठेके धरून बसले आहेत आणि त्यातला एकच आपल्याला वेचून काढायचा आहे, अशी कल्पना करा. यंत्र प्रत्येक ठोका किती वेळाने आला, त्याचा स्वर कोणता, तो किती लांब वाजला आणि कोणत्या दिशेने आला हे पाहते, आणि सारखे सारखे वेगळे काढते. एकदा ठेका सापडला की पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच सांगता येते. मग यंत्र सतत कान लावून बसत नाही. ठोका पडायच्या क्षणी तेवढी लहानशी खिडकी उघडते आणि लगेच मिटते.

आपल्या समाजातही मराठी कीर्तने होत असत. ती ज्यांनी ऐकली त्यांना हे चटकन कळेल. मृदंग क्षणभर थांबला तरी जाणकार श्रोता मनात मात्रा मोजत राहतो आणि बरोबर समेवर मान डोलावतो. यंत्रही तसेच करते. विमान वळले, मध्ये डोंगर आला, एक-दोन ठोके ऐकू आले नाहीत, तरी ते मोजणे सोडत नाही. मधली जागा ते आपल्या अंदाजाने भरते. आणखी काही ठोके चुकले तर खिडकी थोडी मोठी करते. तरीही सापडला नाही, तर जुना हिशेब पुसून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यायचा. रडारवालेही हुशार असतात. ते मुद्दाम दोन ठोक्यांमधले अंतर कमीजास्त करतात, स्वर बदलतात, म्हणजे ऐकणाऱ्याला सम सापडू नये.

एवढे मोजमाप कशासाठी? तर योग्य क्षणी खोटे उत्तर देता यावे म्हणून. नजरबंदीचे ढोबळ प्रकार दोन. पहिला गोंगाटाचा : रडारच्याच स्वरावर इतका आवाज करायचा की खरा प्रतिध्वनी त्यात बुडून जावा. दुसरा बतावणीचा, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. विमान आधी खऱ्या प्रतिध्वनीच्या नेमक्या वर आपला खोटा प्रतिध्वनी ठेवते. तो जरा जास्त जोरदार असतो, म्हणून रडार त्यालाच धरते. मग खोटा प्रतिध्वनी दर ठोक्याला किंचित उशिरा, आणखी किंचित उशिरा पाठवला जातो. रडार त्याच्यामागे हळूहळू सरकते. ते खऱ्या विमानापासून पुरेसे दूर गेले की खोटा प्रतिध्वनी एकदम बंद. रडारच्या हाती काहीच उरत नाही आणि त्याला शोध नव्याने सुरू करावा लागतो. खोट्याची सुरुवात खऱ्याच्या अगदी अंगाला चिकटून होते, हे शिक्षकाला नवीन नाही. पण यंत्रानेही तोच मार्ग धरावा, हे पाहण्यासारखे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे खोटे बोलणे आहे काय?

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ‘नरो वा कुंजरो वा’ ठाऊक आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. द्रोणाचार्यांना वाटले मुलगा गेला. धर्मराज हत्ती म्हणाला खरा, पण कथेकरी सांगतात की नेमक्या त्याच वेळी श्रीकृष्णाने शंख फुंकला. म्हणजे यात बतावणीही आली आणि गोंगाटही आला. त्या दिवसापर्यंत जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. का टेकला? त्याच युद्धात इतरांनी कमी कपट केले नव्हते, आणि त्यांचे रथ तर जमिनीवरच चालत होते. आमच्या मते कारण असे, की द्रोणांनी धर्मराजालाच विचारले, दुसऱ्या कोणाला नाही. हा खोटे बोलणार नाही, या भरवशावर विचारले. तो भरवसाच हत्यार म्हणून वापरला गेला.

रडारचा प्रकार निराळा आहे. रडार चालवणारा विमानाला प्रश्न विचारून त्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो विमानाच्या इच्छेविरुद्ध त्याचा ठावठिकाणा काढून घेतो, आणि तो काढतो क्षेपणास्त्र सोडण्यासाठी. जिथे भरवसा दिलेलाच नाही, तिथे विश्वासघात होत नाही. चोराने घराच्या फटीतून डोकावावे आणि घरधन्याने फटीला कापड लावावे, याला कोणी लबाडी म्हणणार नाही.

आपल्या धर्मात दुसऱ्याच्या मनाची चोरी करण्यास मनाई आहे. तालमुदात शमुएल या पंडिताच्या नावे हा नियम येतो, आणि तो समोरचा माणूस यहुदी नसला तरी लागू आहे. तोरा आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू देत नाही. तरीही गिदोनाने ३०० माणसांच्या हाती शिंगे, मडकी आणि मशाली देऊन मिद्यान्यांना प्रचंड सैन्याचा भास करून दिला, आणि त्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. जगाच्या कायद्यानेही हाच भेद मानला आहे. १९०७ च्या हेग नियमांत युद्धातील क्लृप्तीला परवानगी आहे, दगलबाजीने मारण्याला नाही. १९७७ च्या जिनिव्हा कराराच्या जोडपत्रात हे अधिक स्पष्ट केले : छद्मावरण, खोटी हालचाल, चुकीची बातमी पसरवणे चालेल, पण शरण आल्याचे, जखमी असल्याचे किंवा नागरिक असल्याचे सोंग करून मारणे चालणार नाही. इस्रायल आणि भारत या दोघांनीही त्या जोडपत्राला मान्यता दिलेली नाही, पण हा भेद त्याहून जुना आहे. लढाऊ विमानाने आपला प्रतिध्वनी सरकवला तर ती नजरबंदी. त्याने प्रवासी विमानाची ओळख धारण केली तर ते धर्मराजाचे पाप. कारण त्यानंतर खऱ्या प्रवासी विमानावर कोण भरवसा ठेवील?

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर : नजरबंदी हे पाप नव्हे. पण दुसरा प्रश्न उरतोच. हात स्वच्छ काय?

दोन प्रसंग शेजारी ठेवू. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ आपली ‘एलात’ विनाशिका इजिप्तच्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रांनी बुडाली. ४७ नाविक गेले. (याच जातीची क्षेपणास्त्रे भारतीय नौदलाने ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर वापरली. मुंबईचा तो ब्लॅकआउट आपल्यातील पुष्कळांना आठवत असेल.) ‘एलात’नंतर इस्रायली नौदलाने या क्षेपणास्त्रांच्या रडारला चकवण्याचे उपाय शोधले. ऑक्टोबर १९७३ मध्ये युद्धाच्या पहिल्याच रात्री लाटाकियापुढे सीरियन नौकांनी ती सोडली, आणि एकही लागले नाही. त्या रात्री नजरबंदीमुळे किती घरांत सुतक आले नाही, हे मोजता येणार नाही.

दुसरा प्रसंग ३० वर्षे आधीचा. २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर जाताना धातूच्या मुलाम्याच्या असंख्य पट्ट्या सोडल्या. जर्मन रडारच्या पडद्यावर सगळीकडे विमानेच विमाने दिसू लागली. निघालेल्या ७९१ विमानांपैकी फक्त १२ पडली. गंमत अशी, की हीच युक्ती जर्मनांनाही ठाऊक होती, आणि शत्रू ती उलटवील या भीतीने दोन्ही बाजूंनी ती दाबून ठेवली होती. वैमानिक वाचले, हे खरे. पण त्या संरक्षणाखाली पुढील दिवसांत हॅम्बुर्ग शहर जळाले आणि तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य साधे नागरिक होते. ज्या राजवटीविरुद्ध हे घडले तिने आपल्या साठ लाख बांधवांचे काय केले, हे आम्हास कोणी सांगावयास नको. तरीही जळालेले मूल हे जळालेले मूलच असते.

नजरबंदी लाटाकियाला होती आणि हॅम्बुर्गलाही होती. तेव्हा नजरबंदी करणाऱ्याला ‘मी फक्त डोळे बांधले’ एवढे म्हणून सुटता येत नाही. डोळे बांधल्यावर कोण आत शिरणार आहे आणि काय करणार आहे, याचा थोडा वाटा त्याच्याकडे येतो. ९ जून १९८२ रोजी बेका खोऱ्यात मानवरहित विमाने पुढे पाठवून सीरियन रडारांना बोलते केले गेले, त्यांचे ठोके टिपले गेले, आणि १९ पैकी १७ क्षेपणास्त्र-तळ एकाच दिवसात नष्ट झाले. तेथे ऐकणे हेच प्रहाराचे पहिले पाऊल होते. १९७३ मध्ये आपली सुमारे शंभर विमाने पडली होती, आणि त्यांतील बरीचशी जमिनीवरून डागलेल्या अस्त्रांनी, हे लक्षात घेता त्या दिवशीचे काम आम्ही समर्थनीय मानतो. पण समर्थनीय कामाचीही जबाबदारी असते. ‘मी मारले नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘मी मदत केली, आणि का केली ते मला माहीत आहे’ असे म्हणता येणे अधिक प्रामाणिक.

तिसरी गोष्ट वाटसरूंची. ऑक्टोबर १९७३ मध्ये समुद्रावर सोडलेले क्षेपणास्त्र चुकले तर पाण्यात पडत असे. जमिनीवर चुकलेली वस्तू कुठेतरी पडतेच. ऑक्टोबर २०२३ नंतर या देशात शत्रूची ड्रोन व क्षेपणास्त्रे चकवण्यासाठी उपग्रहांकडून येणारे जीपीएसचे संकेत बिघडवले गेले. २०२४ च्या वसंतात तेल अवीवमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनवर आपण बैरूतच्या विमानतळावर आहोत असे दिसे. आपण त्यावर विनोद केले. टॅक्सीवाल्यांना आणि घरपोच सामान देणाऱ्या पोरांना त्यात विनोद दिसला नाही. पण शेजारच्या देशांतील नागरी वैमानिकांनाही तोच त्रास होत होता. २५ डिसेंबर २०२४ रोजी बाकूहून ग्रोझनीला निघालेल्या अझरबैजानच्या प्रवासी विमानाचे जीपीएस रशियन प्रदेशावर असताना बिघडले, वर हवाई संरक्षणाच्या अस्त्राचा मारा लागला, आणि ते कझाकस्तानात अक्ताऊजवळ कोसळले. ६७ पैकी ३८ माणसे गेली. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये हा नियम इथे आपल्यापुढे येतो. शत्रूचा डोळा बांधताना तिसऱ्याच कोणाला आपण आंधळे करीत असू, तर त्याला वेळेवर सावध करणे, आणि गरज संपताच पट्टी सोडणे, ही दया नव्हे. ते देणे आहे.

चौथी गोष्ट अंदाजाची. यंत्र चुकलेल्या ठोक्यांची जागा स्वतःच्या अंदाजाने भरते, हे वर सांगितले. पण चांगल्या यंत्रात त्या अंदाजाला मुदत असते. इतक्या ठोक्यांत पुरावा मिळाला नाही, तर हिशेब पुसायचा. माणूस अशी मुदत घालत नाही. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकन युद्धनौका ‘व्हिन्सेन्स’ने बंदर अब्बासहून दुबईला जाणारे इराणी प्रवासी विमान पाडले, २९० माणसे मेली. विमान वर चढत होते आणि जहाजावरच्या यंत्रांतही तसेच नोंदले गेले होते. पण हल्ला होणार अशी खात्री धरून बसलेल्या खलाशांनी ते खाली येत असल्याचे सांगितले. समोरचा शत्रूच आहे असे एकदा ठरले, म्हणजे प्रत्येक रिकामी जागा मन त्याच रंगाने भरते. हा दोष केवळ नौदलात असतो असे नाही. आपल्या गल्लीत, कचेरीत, आपल्याच समाजाच्या बैठकांतही आपण तेच करतो. शेजाऱ्याची एक गोष्ट पूर्वी खटकली. मग पाच वर्षे तो काय बोलला हे न ऐकताच आपण मोजत राहतो, आणि मोजदाद आपलीच असल्यामुळे ती नेहमी बरोबर येते.

नजरबंदीच्या यंत्रात एक व्यवस्था अशी आहे की तिने आम्हास फार विचार करायला लावला. गोंगाट करणाऱ्या यंत्राला स्वतःच्या गोंगाटात काहीच ऐकू येत नाही. शत्रूचे रडार बंद झाले की चालू आहे, त्याने स्वर बदलला की काय, हे त्याला कळत नाही. म्हणून मधून मधून, क्षणभर का होईना, त्याला गप्प बसून कान द्यावा लागतो. त्या क्षणी विमान उघडे पडते, धोका असतो. पण तो धोका न घेणारा यंत्रचालक निघून गेलेल्या शत्रूवर ओरडत राहतो, आणि नव्याने आलेला त्याला दिसत नाही.

एलिशा नबीची गोष्ट शेवटी सांगतो. अरामी सैन्य त्याला पकडायला दोथानला आले. त्याच्या प्रार्थनेने त्यांची दृष्टी गेली. ही वाट नव्हे, हे ते नगर नव्हे, असे सांगून त्याने त्यांना थेट शोमरोनात, राजाच्या पुढ्यात नेऊन उभे केले. नजरबंदीही झाली, बतावणीही झाली. तेथे पोचल्यावर एलिशाने काय केले? त्याने त्यांचे डोळे उघडण्यासाठी प्रार्थना केली. राजा विचारू लागला, यांना मारू काय? एलिशाने नको म्हटले. यांच्यापुढे भाकरी-पाणी ठेव, खाऊ-पिऊ दे आणि जाऊ दे. त्यानंतर ती अरामी टोळकी आली नाहीत, असे शास्त्र सांगते. पण तेच शास्त्र लगेच पुढे हेही सांगते की काही काळाने अरामाच्या राजाने शोमरोनाला वेढा घातला. भाकरीने कायमची शांतता विकत मिळाली नाही. तरीही एलिशाने चूक केली असे आपल्या कोणत्याही पंडिताने म्हटल्याचे आम्ही वाचलेले नाही.

तेव्हा आपल्या पोरांनी घरी कधी विचारले, की आम्ही करतो ते बरोबर की चूक, तर त्यांना पाठ थोपटून गप्प करू नये आणि घाबरवूही नये. त्यांना सांगावे : आपल्या माणसांवर येणारे मरण चुकवण्यासाठी शत्रूची नजर बांधलीस, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कोणाच्या भरवशाचे सोंग घेऊ नकोस. डोळे बांधल्यावर आत कोण जातो ते विचारत जा. विचारायची तुला सोय नसेल, तर ज्याला आहे त्याने विचारावे म्हणून आम्ही म्हातारे मत देतो, ते त्यासाठीच. वाटेने जाणाऱ्या तिसऱ्याचा हिशेब ठेव. आणि मधून मधून यंत्र थांबवून ऐकत जा. पलीकडचा ठोका बदलला असेल, बंद झाला असेल. क्वचित तो हल्ल्याचा नसून हाकेचाही असेल. ज्याने ऐकणे सोडले त्याला हे कधीच कळणार नाही.